वर वैशाख, खाली पौष

वैशाखात नागपूरला निघालेल्या माणसाला आमच्या चिपळुणात दोनच प्रश्न विचारतात: तिकडे कोण गेलं, की बदली झाली? माझं तसलं काही नव्हतं. माझी लेक मुक्ता नागपूरला मनीषनगरात दिलेली. तिला सातवा महिना. डोहाळेजेवण सासरी करायचं आणि ते आटोपलं की पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी घेऊन यायचं, इतकं सरळ काम होतं. प्रवासाचं काही सांगत नाही. बसून बसून कंबर धरली आणि मांडीवरच्या पेटीतले हापूस वर्ध्याच्या आत पिकून गेले, एवढं पुरे.

पण निघताना मी एक गोष्ट लपवून नेली होती. बावीस वर्षं मी लोणची नि मसाले करून विकते आणि गेले सात महिने माझ्या जिभेला चव नव्हती. तोंड सतत आलेलं, डोळ्यांची आग, कानशिलं तापलेली, आणि कंबरेखाली पाय असे गार की यांना ओझरता लागला तरी हे दचकून उठायचे. लोणच्याचं मीठ मापावर टाकायचं आणि यांना चाखायला लावायचं, असा धंदा रेटला. मुक्ताला एका शब्दाने सांगितलं नाही. कारण तिच्या सासूबाई फोनवर मागेच म्हणाल्या होत्या, "बाळंतपण इथंच केलं असतं, दवाखाना जवळ आहे. पण पहिलं तुमच्याकडंच, तुमचा मान आहे." ज्या बाईला आमटीतलं मीठ कळत नाही तिच्या घरी सून कोण पाठवील? मीसुद्धा पाठवली नसती. म्हणून ठरवलं, तोंड मिटून राहायचं आणि लेकीला घेऊन यायचं.

मनीषनगर

तोंड मिटून राहायचा बेत पहिल्याच जेवणाला पार पडेना. विहीणबाई मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. लग्नाआधी स्वतः मागावर बसून साड्या विणलेल्या. आता चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, मुलगा कंपनीत आहे, माग कधीच गेला, पण हात अजून रिकामा राहत नाही. बोलतानासुद्धा बोटं पदराचं सूत चाचपत असतात. तिकडे विहिणीला ईनबाई म्हणतात आणि ईनबाई पहिल्यांदा राहायला आली की तिच्या ताटात घरचा सावजी रस्सा पडलाच पाहिजे. सावजी म्हणजे या विणकरांचाच मसाला. रंगाने काळा, वर तेलाचा तवंग. आमच्याकडे इतक्या तिखटात महिना निघेल.

तोंडात चार फोड घेऊन मी तो मटणाचा रस्सा खाल्ला. चव शून्य, आग मात्र शंभर टक्के. डोळ्यांतून धारा लागल्या.

"तिखट लागून राहिलं का जी?" विहीणबाईंनी काळजीने विचारलं.

"छे हो. फार छान झालंय."

मग काय, आणखी दोन पळ्या पडल्या. मुक्ता माझ्याकडे संशयाने बघत होती. ती लहानपणापासून मला मिरची वेचून काढताना बघत आली आहे.

जेवणानंतर कूलरसमोर बसवलं. खिडकीएवढा कूलर, वाळ्याचा वास आणि विमान सुटल्यासारखा आवाज. आमच्या कोकणात घाम येतो तो वाळत नाही, इथे यायच्या आतच वाळतो, हा मोठा फरक. वरून डोकं तापलेलं नि खालून गार वारा पायांवर. मी लुगड्याने पाय गुंडाळून घेतले.

"पाय काहून झाकून बसल्या?"

इथे मी अर्धं खरं बोलले. म्हटलं, पाय जरा गार पडतात, वयाचं असेल. विहीणबाई ताठ बसल्या. त्यांच्या गुडघ्याला सुया टोचून बरं करणारी एक डॉक्टरीण दोन गल्ल्या सोडून होती. शिक्षण आयुर्वेदाचं, मग तीन वर्षं चीनमध्ये राहून तिकडची सुयांची नि काढ्यांची विद्या शिकून आलेली. "उद्याच जाऊ. मी नंबर लावतो," त्या म्हणाल्या. तिकडच्या बायका "करतो, लावतो" असंच बोलतात, ऐकायला गोड लागतं. पायांपुरतंच दाखवायचं म्हणून मी हो म्हटलं.

जिभेच्या दोन फेऱ्या

डॉक्टरीणबाईंनी फोनवर एकच अट घातली होती: जीभ बघायची आहे, रंगीत काही खाऊन येऊ नका. पण नागपुरात घरातून बाहेर पडताना पाहुण्याला उपाशी सोडलं तर बहुतेक पाप लागत असावं. जिन्यात शेजारीणबाईंनी अडवलं. त्यांनी विहीणबाईंच्या विहिणीसाठी लाल सरबत करून ठेवलेलं. नाही म्हणावं तर मुक्ताच्या सासरची अब्रू. पुढे कोपऱ्यावर तर्री-पोह्यांची गाडी, पोह्यांवर लालभडक रस्सा. "दोन घास जी, नागपुरात आल्या अन् तर्री नाही खाल्ली?" डॉक्टरीणबाईंनी जीभ बाहेर काढायला सांगितली आणि खो खो हसल्या. "ही जीभ सरबताची आहे. तुमची उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशीची चूक मात्र माझी. परक्या बाईपुढे जीभ काढायची म्हणजे ती स्वच्छ नको? चाळीस वर्षं रोज तांब्याची जिभली ओढणारी मी, त्या दिवशी जरा जास्तच ओढली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "बाई, जिभेवरचा थर बघायचा असतो हो. तोच खरवडून आलात. चीनमध्ये माझ्या गुरुजींनी मला तीन महिने नुसत्या जिभा बघायला बसवलं होतं. तिथेही इतकी लखलखीत जीभ कोणी आणली नव्हती."

तिसऱ्या सकाळी विहीणबाईंनी जिभली लपवून ठेवली आणि जिन्यात माझ्यापुढे चालल्या. शेजारचं दार उघडलं तशा नुसत्या हाताने "नाही, नाही" करत मला खाली घेऊन गेल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिनी रिवाजाप्रमाणे थर्मासमधून वाफाळतं पाणी पेल्यात ओतून दिलं. बाहेर डांबर वितळतंय आणि बाकावरचे पाचसहा पेशंट फुंकर मारमारून गरम पाणी पितायत. उन्हाळ्यात पाहुण्याला गरम पाणी देणारी नागपुरातली ही एकच जागा असावी.

डॉक्टरीणबाईंनी मनगटावर तीन बोटं ठेवली. मग जीभ बघितली.

"शेंडा लालभडक आहे. मागचा भाग पांढरा नि ओला. तोंड आलंय ना?"

विहीणबाई शेजारच्याच खुर्चीवर होत्या. मी म्हटलं, "थोडंसं."

"थोडंसं नाही. डोळ्यांची आग? झोप? गार काही खाल्लं की पोट बिघडतं?"

एकेक विचारत गेल्या आणि माझी मान आपोआप हलत गेली. मग त्यांनी विचारलं की याआधी कोणाला दाखवलं. मी सांगितलं, तोंडासाठी एका वैद्यांना दाखवलं, त्यांनी थंड औषधं दिली, सब्जा नि गुलकंद चालू केला. मग पोट बिघडून पाय आणखी गार पडले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना पाय दाखवले. त्यांनी सुंठ-मिऱ्यांचा काढा दिला, तर तोंड पेटलं.

"म्हणजे एकाला वरचं सांगितलंत, दुसऱ्याला खालचं. दोघांनी बरोबर औषध दिलं, पण अर्ध्या माणसाला दिलं," त्या म्हणाल्या. आणि मग समजावून सांगितलं. चिनी वैद्यकात याला वर उष्ण, खाली थंड असं एकच दुखणं मानतात. चुलीवर पातेलं ठेवायचं आणि जाळ खाली घालायच्या ऐवजी निखारे नुसते झाकणावर ठेवायचे, तसं. झाकण जळतं, खालचा भात कच्चा. झाकणावर पाणी ओतून उपयोग नाही नि आणखी निखारे घालूनही नाही. निखारे वरून काढून खाली सारायचे. म्हणून काढ्यात थंड नि उष्ण दोन्ही औषधं एकत्र: कडू दारुहळद वरच्यासाठी, सुंठ नि दालचिनी खालच्यासाठी, मध्ये पोट सांभाळायला ज्येष्ठमध. शिवाय सुया पायांत.

आमच्या घराण्यात सगळ्या गोष्टींची दोनच खाती. आंबा उष्ण, कोकम थंड, पपई उष्ण, ताक थंड. माणूससुद्धा एकतर उष्ण प्रकृतीचं नाहीतर थंड. दोन्ही एकदम असू शकतं हे मला चौपन्नाव्या वर्षी मनीषनगरात कळलं. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासून आणायलाही लावलं. त्यात लोह नि जीवनसत्त्व कमी निघालं, त्याच्या गोळ्या वेगळ्या दिल्या. आणखी काही सांगायचं आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. विहीणबाई समोर होत्या. चवीचं मी बोलले नाही.

रामटेक

काढ्याबरोबर आणखी हुकूम होता: रात्री कोमट पाण्यात पाय, दिवसा लोकरी मोजे. आता वैशाखात नागपुरात लोकरी मोजे कुठून आणायचे? चार दुकानं हिंडलो. पाचव्या दुकानदाराने माळ्यावरून धुळकटलेलं खोकं काढलं आणि विचारलं, "काहून बाई, काश्मीरले जाऊन राहिल्या का?" विहीणबाईंनी गंभीरपणे उत्तर दिलं, "नाही गा. रामटेकले जाऊन राहिलो."

आणि खरंच गेलो. सुनेचं सुखरूप होऊ दे म्हणून त्यांना रामाला नारळ द्यायचा होता. मुक्ताला उन्हात नेलं नाही, आम्ही दोघीच पहाटेच्या गाडीने निघालो, तरी डोंगरावर पोचेपर्यंत ऊन चढलं. वाटेत दोन्हीकडे धानाची रिकामी शेतं, भेगा पडलेली. आमच्याकडे या दिवसांत पालापाचोळा जाळून भाजावळ झालेली असते, जमीन काळी दिसते. इथली पांढरीफट्ट. वर देवळाच्या पायऱ्यांवर लंगूर शेपट्या सोडून बसलेले, अगदी आमच्या नगरपरिषदेचे सदस्य.

चपला खाली काढल्या आणि मजा सुरू झाली. दगडी फरशी तव्यासारखी तापलेली. पोरंबाळं, पुरुष, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, सगळे तुरुतुरु पळतायत, उड्या मारतायत, सावलीच्या पट्ट्यावर गर्दी करतायत. विहीणबाई तर गुडघा विसरून धावल्या. त्या सगळ्या नाचणाऱ्या भाविकांमधून लोकरी मोजे घालून मी एकटी सावकाश, महाराणीसारखी चालत गेले. उलट, सात महिन्यांत पहिल्यांदा पावलांना ऊब लागली. सांगते खरं, मला तिथून हलूच नये असं वाटलं.

नारळ दिला, प्रसाद घेतला आणि तटाच्या सावलीत बसलो. खाली तलाव चमकत होता. विहीणबाईंनी पिशवीतून शेव-मुरमुरे काढले, माझ्या हातावर ठेवले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ईनबाई, तुमाले चव नाही ना लागत?"

मी हातातले मुरमुरे पदरावर ठेवले.

"तुम्ही आल्या त्या दिवशी कप बदलले होते. आमच्या यांचा बिनसाखरेचा चहा तुम्ही पेल्या. अन् म्हणाल्या, छान गोड झाला. हे बिचारे तुमचा गोड चहा धरून बसले होते, मधुमेही माणूस. मले तवाच समजलं."

लाज वाटली. इतकी लाज मला लग्नात मंगलाष्टकं चालू असताना शिंक आली तेव्हाही वाटली नव्हती. मग मी सगळं सांगून टाकलं. सात महिन्यांचं सांगितलं, यांना चाखायला लावून विकलेली लोणची सांगितली, आणि का लपवलं तेही सांगितलं. म्हटलं, "तुम्ही मुक्ताला पाठवणार नाही अशी भीती वाटली. मला माझ्या लेकीचं बाळंतपण करायचंय हो. मुलगी इतकी लांब दिली, एवढं एकच माझ्या वाट्याचं आहे." बोलता बोलता रडू आलं. एक लंगूर हळूच येऊन मुरमुरे घेऊन गेला, आम्ही त्याला काही म्हटलं नाही.

विहीणबाई बराच वेळ पदराचं सूत ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "पाहू." आणि उठल्या.

परत आल्यावर मला घरी न नेता थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "ईनबाईंनी परत अर्धंच सांगितलं तुमाले. आता पूर्ण सांगून राहिल्या, लिहून घ्या." डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, गोळ्यांचं प्रमाण बदललं, काढ्यात थोडा फेर केला. बरं वाटेल, पण किती दिवसांत ते छातीठोक सांगत नाही, म्हणाल्या. संध्याकाळी मुक्ताला मीच सांगितलं. ती आधी चिडली, मग रडली आणि मग एकदम म्हणाली, "म्हणून मागच्या वेळचं लोणचं तसं होतं? मला वाटलं, बाबांनी घातलंय."

डोहाळेजेवण

त्या "पाहू"वर मी तीन दिवस काढले. विहीणबाई काही बोलेनात. त्यांच्याबरोबर पहाटे कळमन्याच्या बाजारात जाऊन आंबे नि टरबुजं आणली, पोत्यापोत्यांच्या मिरच्यांजवळून जाताना दोघी शिंकून बेजार झालो, तरी त्या विषयाला हात नाही. रोज सकाळी सुया, दोन वेळा काढा, पायांत मोजे. तोंडातले फोड बसायला लागले होते. चव नव्हती.

मुक्ताला डोहाळे लागले होते काळ्या वाटाण्याच्या उसळीचे नि आंबोळ्यांचे. वाटाणे मी चिपळूणहून नेलेच होते. उसळ फोडणीला टाकली तेव्हा विहीणबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि तळहात पुढे केला. मी रस्सा घातला, त्यांनी चाटला.

"मीठ?"

"चिमूटभर अजून."

"आंबट?"

"मले काय माहीत जी तुमचं आंबट किती लागते. तिखट मात्र काहीच नाही. हे आजाऱ्याले देतात तसं आहे."

"मुक्ताला असंच लागतं."

"मंग असंच राहू द्या," त्या म्हणाल्या आणि माझा डोळा चुकवून अर्धा चमचा तिखट टाकलंच.

सगळ्या बायका जमल्या. मुक्ताला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं. झाकलेल्या दोन वाट्यांतून तिने एक उघडली तर संत्र्याची बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून हशा झाला. पानं मांडली. उसळ मुक्ताने तीनदा मागून घेतली. ओटी भरायच्या वेळी विहीणबाईंनी नारळ हातात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एक सांगायचं आहे."

माझे पाय, बरे होत आलेले, पुन्हा गार पडले.

"आमच्या ईनबाईंची तब्येत बरी नाही. वर उन्हाळा अन् खाली हिवाळा असा तो आजार आहे. जिभेले चव नाही." बायकांत कुजबुज झाली. "तरी आत्ता तुम्ही बोटं चाटून जेवल्या ते त्यांच्याच हातचं. तवा सून जाईन आपल्या मायच्या घरी, ठरल्यापरमानं. अन् मी बी जाईन संगं. चाखाले कोणी तं पाहिजे."

मुलाच्या आईने बाळंतपणाला सुनेच्या माहेरी जाऊन राहायचं, असं आमच्याकडे नाही आणि तिकडेही नाही. एका आजीबाईंनी तसं म्हणूनही दाखवलं. विहीणबाई म्हणाल्या, "नसू द्या," आणि नारळ मुक्ताच्या ओटीत घातला.

चिपळूण

घरी आठ दिवसांचं सांगून आलेल्या विहीणबाईंना आता महिना होत आला. आमचं जेवण त्यांना पांचट लागतं आणि त्या तसं रोज बोलून दाखवतात. डबाभर सावजी मसाला घेऊन आल्यात, त्यावर आमच्या यांची नि त्यांची गट्टी जमली आहे. घाम येतो तो वाळत का नाही, हे त्यांना अजून समजलेलं नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाई फोनवर दर आठवड्याला चौकशी करतात. पाय उबदार झाले, तोंड बरं आहे, डोळ्यांची आग अधूनमधून होते. काढ्याने की गोळ्यांनी की सुयांनी, कोण जाणे. चवीत आधी गोड परत आलं, एका पायरी आंब्याबरोबर. मग आंबट. खारट काही येईना आणि लोणच्यावालीला खारटच हवं.

आज दुपारी जेवायला बसलो होतो. भातावर आमटी घेतली, घास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विहीणबाई, आमटी खारट झालीय हो."

मुक्ताने आपली वाटी चाखली. तिची बरोबर होती. यांचीही. विहीणबाईंनी पळी खाली ठेवली.

"तुमच्याच वाटीत जास्तीचं मीठ टाकून राहिली होती मी," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस झाले. अर्ध्या चिमटीपासून धरलं, रोज थोडं थोडं जास्त. तुम्ही काहीच बोलेना. काल तं मी भिऊन गेली होती." मग पदर डोळ्यांना लावला. "आता मले घरी जाता येईन."

मी म्हटलं, आत्ता कुठे खारट नि अळणी एवढंच कळतंय, बारीकसारीक काही नाही, तेव्हा नातीचं तोंड बघेपर्यंत तरी कुठे जायचं नाही. त्या हसल्या आणि माझी वाटी बदलायला हात पुढे केला. मी दिली नाही. ती खारट आमटी सगळी भातात कालवली आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.